मोहाच्या अलीकडची हद्द

चालता चालता ती वाकायची, वाटेतला दगड उचलायची आणि कडेला ठेवायची. बोलणं मात्र चालूच. पंचायतीच्या फाटकापासून माझ्या टेबलापर्यंत येईस्तोवर चार-पाच दगड मार्गी लागलेले असत. आमचा शिपाई म्हणायचा, "आलं बघा सफाई खातं."

एकदा ती डहाणू रोड स्टेशनबाहेर भेटली. तिथेही भर गर्दीत पदर खोचून वाकली. मागे रिक्षावाला हॉर्न बडवत होता, तोंडाने आणखी काही बडबडत होता. तिने दगड गटाराच्या कडेला नीट बसवला, मग त्याच्याकडे वळून शांतपणे म्हणाली, "तो त्याच्या जागेवर, मी माझ्या. जा आता तू."

हे तिचं नेहमीचं वाक्य. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. एखादं काम त्यांच्या अंगात इतकं मुरलेलं असतं की ते संपल्यावरही हात थांबत नाहीत. तिने आयुष्यात दुसरं काही केलंच नव्हतं. तिने दगड उचलले होते. दगडांखाली जी काही मूठ मूठ माती निघाली, तिच्यावर ती जगली होती.

मी तेव्हा तलासरी तालुक्यातल्या एका ग्रामपंचायतीत ग्रामसेविका होते. राहायचे डहाणूला, बसने ये-जा करायचे. तिला सगळे 'माळावरची' म्हणत. मी मावशी म्हणायचे, ती मला बाय म्हणायची. गावापासून तासभर चढल्यावर एक उघडा खडकाळ माळ लागतो. तिथे पहिलं घर तिचं, आणि बरीच वर्षं तेवढं एकच.

तिचे आईबाप किनाऱ्याकडच्या एका चिकूच्या वाडीत राबत. झोपडी वाडीतच, झोपडी मालकाची, आणि झोपडीतली माणसंही मालकाचीच असल्यासारखी. लग्न झालं, पोर झाली, तेव्हा नवरा म्हणाला, आपलं पोर दुसऱ्याच्या झाडाखाली वाढवायचं नाही. एक पहार, एक कोयता, दोन पाट्या आणि काखेत मुलगी, एवढं घेऊन दोघं माळ चढले.

"का गेलात तिथे? खाली जमीन नव्हती?" मी एकदा मूर्खासारखं विचारलं.

"खाली जमीन होती ना," ती म्हणाली. "जमिनीवर मानसं होती. वर दगड होता. दगडाला कोन मालक?"

पहिल्या वर्षी काहीच उगवलं नाही. जे निघालं ते दगडच. दिवसभर पहार मारायची, दगड पाटीत भरून उताराला न्यायचे, एकावर एक रचून बांध घालायचा, आणि मग ओढ्यातला गाळ त्याच पाटीने डोक्यावरून वर आणून बांधाच्या आत पसरायचा. त्या चारेक हात मातीत नागली पेरली. आषाढातल्या एका पावसाने बांध फुटला आणि माती जिथून आणली होती तिथे परत गेली. झोपडीचा कुड वाऱ्याने दोनदा उडाला. खायला कडू कंद. त्याचे काप करून उकडायचे, रात्रभर वाहत्या पाण्यात ठेवायचे, तरी कडवटपणा पुरता जात नाही. "मंग आमालाच सवय झाली," ती हसत सांगायची. "गोड खाल्लं का पोटात दुखायचं."

जंगलखात्याची माणसं यायची, कोयता काढून न्यायची, उभं पीक उपटायची. ती गेली की दोघं परत पेरायची. दुसऱ्या पावसात मुलीला ताप भरला. ओढ्याला पूर आला होता. तीन दिवस ओढा उतरला नाही आणि ताप थांबला नाही. चौथ्या दिवशी ओढा उतरला.

हे सांगतानाही तिने हातातला दगड नीट कडेला ठेवला होता. मुलीला त्यांनी माळाच्या खालच्या टोकाला, एका मोहाच्या झाडाखाली पुरलं. नवऱ्याने शेजारी एक उभा दगड रोवून शेंदूर लावला. तो वाघोबा. "पोर एकटी नको म्हनून," ती म्हणाली. पुढे मुलगा झाला, जगला. नवरा गेला. बांध वाढत गेले. मी पहिल्यांदा वर गेले तेव्हा सात बांध होते, छातीइतक्या उंचीचे, आणि आत हिरवी नागली. चढताना मी दोनदा घसरले. तिने माझ्या सँडलकडे बघून मान हलवली. "बाय, तुजे पाय वाडीतले."

ते तिने बरोबर ओळखलं होतं. माझं माहेर किनाऱ्यावरच्या झाईकडचं, चिकूच्या वाडीवाल्यांचं. माझे आजोबा दर पावसाळ्याआधी कुंपण दुरुस्त करत, आणि दर दुरुस्तीत कुंपण वीतभर शेजाऱ्याकडे सरकत असे. घरात त्याचं कौतुक होतं. हे मुद्दाम सांगते आहे, कारण पुढे जे झालं ते त्याशिवाय कळणार नाही.

आमच्या कागदांत मावशीच्या नावापुढे 'अतिक्रमण' असं लिहिलेलं होतं. तिने एकदा बोट ठेवून विचारलं, हे काय. मी म्हटलं, दुसऱ्याच्या जागेत शिरणं. ती इतकी हसली की डोळ्यांत पाणी आलं. "दुसरा कोन गं? आमी गेलो तवा तिथं एक घोरपड होती. ती काय बोलली नाय."

मग वनहक्काचे अर्ज सुरू झाले. जो जंगलजमीन पूर्वीपासून कसतो त्याला तिचा पट्टा मिळणार होता. अर्ज मी भरला, अंगठा तिने उठवला. मोजणीला आम्ही पाचजण वर गेलो. पद्धत सोपी होती. कसणाऱ्याने आपल्या हद्दीवरून पुढे चालायचं, मागून एकाने मोजणीचं यंत्र हातात धरून चालायचं. पाऊल पडेल तिथून रेघ जाणार. जेवढं चालाल तेवढं तुमचं.

माळावरचे दुसरे लोक, जे तिच्यानंतर पाच-दहा वर्षांनी आले होते, त्यांनी जरा लांब लांब पावलं टाकली. त्यात मला काही वावगं वाटलं नाही. ती मात्र बांधाच्या आतल्या कडेने चालली, बांध हद्दीबाहेर ठेवून. मी ओरडले, "मावशी, बांध तुमचेच आहेत, बाहेरून चाला." तेव्हा ती बाहेर आली. पण खालच्या टोकाला मोहाचं झाड आलं, तशी ती झाडाच्या अलीकडूनच वळली.

"मावशी, झाड घ्या ना आत. वाघोबा, ती जागा..."

"ती माजी नाय."

"तुमची मुलगी आहे तिथे."

"म्हनूनच. ती देवाकडं दिली. दिलेली जागा परत आपल्या नावावर मांगायची?" ती खरोखरच चकित झाली होती. "देव देवाच्या जागेवर, मी माझ्या."

यंत्रवाला म्हणाला, मॅडम, काय करू? सगळे माझ्याकडे बघत होते. आता ऐका, मला काय माहीत होतं ते. देवाच्या, पुरण्याच्या जागांसाठी वेगळा अर्ज होता, गावाच्या नावाने करायचा. तो केला असता तर मावशीला काही मागावं लागलं नसतं आणि जागा कागदावर राहिली असती. त्यासाठी ग्रामसभेचा ठराव लागला असता, पुन्हा एकदा माळ चढावा लागला असता. ऊन टाळूवर आलं होतं आणि माझी डहाणूची बस चारची होती. मी म्हटलं, "तो अर्ज नंतर करू. चला पुढे."

नंतर म्हणजे कधीच नाही, हे सरकारी नोकरीत असलेल्या कुणालाही माहीत असतं. मला तर नक्कीच होतं.

पट्टा आला तेव्हा ती नागलीच्या भाकऱ्या घेऊन पंचायतीत आली. शिपायालाही दिली, सफाई खात्याकडून म्हणून. कागद तिने तेलाच्या रिकाम्या डब्यात घालून आढ्याला टांगला, उंदरांच्या भीतीने. "आता कोन हाकलनार नाय ना?" असं तिने तीनदा विचारलं. मी तीनदा नाही म्हटलं. इतका आनंद मी माझ्या घरात कुठल्याही सातबाऱ्यावर पाहिला नाही.

पुढे बरीच वर्षं सुखाची गेली, तिच्या हिशेबाने सुखाची. मुलगा वापीला कारखान्यात लागला. ती वर एकटी राहिली. मग मोठ्या रस्त्याची आखणी आली. आखणी माळाच्या खालच्या टोकावरून जात होती. रस्त्याच्या साहेबांनी नकाशा पसरून मला समजावलं, "बघा, एकाही पट्ट्याला धक्का नाही. ही पट्टी तर मोकळीच आहे." त्यांचं बोट मोहाच्या झाडावर होतं. नकाशावर तिथे काहीही नव्हतं. कागद खरं तेच सांगत होता, मीच तो तसा लिहिला होता.

ती आली. त्या दिवशी फाटकापासून टेबलापर्यंत तिने एकही दगड उचलला नाही. समोर बसली. "खुना ठोकल्या तिथं. वाघोबाच्या पुढं, मागं. लिवताना काय चुकलं का, बाय?"

मी तिला नकाशा दाखवला. तिला वाचता येत नव्हतं, पण आपल्या माळाचा आकार तिने लगेच ओळखला. रेघेवरून बोट फिरवत खालच्या टोकाला आली आणि थांबली.

"मी हितून वळले, म्हनून?"

मी होकारार्थी मान हलवली. तिने मला दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं. तिला त्या दुसऱ्या अर्जाबद्दल कधी कळलंच नाही, आणि मी ते तिला सांगितलं नाही. आज पहिल्यांदा लिहिते आहे.

ती उठली. "मंग आता चालते. चल. तुजं मशीन घे."

मी म्हटलं, मावशी, आता मोजणी होत नाही. ती म्हणाली, "तू चल तर." पंचायतीत यंत्र नव्हतं, ते कधीच परत गेलं होतं. मी मोबाइल घेऊन तिच्यामागे माळ चढले. मोहाखाली पोचल्यावर तिने चपला काढल्या, वाघोबाला हात जोडले आणि काहीतरी पुटपुटली. माफी मागत होती, एवढं कळलं. उभ्या जन्मात जी गोष्ट तिने चोरी मानली ती करायला ती निघाली होती. मग ती चालू लागली, मोहाच्या बाहेरून, अगदी सावकाश, पावलाला पाऊल लावून, वाघोबा आत घेऊन, पोरीवरची ती छोटी दगडांची रास आत घेऊन. मी मोबाइल पुढे धरून मागे चालत होते. मोबाइल बंद होता. चालू असता तरी काय फरक पडणार होता?

फेरा पुरा झाला. ती घामाने भिजली होती.

"झालं? आलं त्याच्यात?"

"आलं."

"मंग जपून ठेव."

महिन्याभरात रस्त्याची यंत्रं आली. मोह एका सकाळीत पडला. वाघोबा गावकऱ्यांनी आधीच उचलून वर नेला होता, देवाला नेता येतं. तिचे खालचे दोन बांध पट्ट्यात होते, तरी तेही फुटले. त्यातले दगड डंपरमध्ये भरून रस्त्याच्या भरावात गेले, आणि माणसं म्हणाली, चांगला दगड आहे, आयता रचलेला मिळाला. ती वर दारात बसून बघत होती असं मला शिपायाने सांगितलं. मी गेले नाही.

त्यानंतर ती जिथे भेटेल तिथे एकच विचारायची. बाजारात, पंचायतीत, बसथांब्यावर. "हाय ना ते तुज्याकडं?" मी म्हणायचे, आहे. ती मान हलवायची आणि पुढे जायची. साहेब लोक कधी ना कधी मागतील, तेव्हा मी ते दाखवीन, अशी तिची खात्री होती. मला तिच्या समोर यायची भीती वाटू लागली. तिला येताना बघून मी एकदा मागच्या खोलीत जाऊन बसले. शिपायाने सांगितलं, मॅडम मीटिंगला गेल्यात. खिडकीतून पाहिलं तर ती अंगणातले दगड उचलून कडेला लावत होती. सगळे लावून झाल्यावर गेली.

गेल्या पावसाळ्यात मुलाने तिला डहाणूच्या दवाखान्यात आणलं. मी राहते तिथून चालत दहा मिनिटं. गेले भेटायला. पांढऱ्या चादरीवर तिचे हात पहिल्यांदाच रिकामे दिसले, बोटं मात्र हलत होती. मुलगा म्हणाला, आई ओळखत नाही कुणाला. पण तिने ओळखलं.

"हाय ना?"

"आहे, मावशी."

"मना तिथंच ठेवा. पोरीजवळ. आता ती जागा लिवली हाय."

मुलगा माझ्याकडे बघत होता. त्याला रस्ता माहीत होता. मी तिचा हात हातात घेतला आणि म्हटलं, हो. एवढं खोटं मी कुणाशीही बोलले नाही, आणि ज्यांच्याशी बोलायला हवं होतं त्यांच्याशी खरंही बोलले नाही.

दोन दिवसांनी ती गेली. गावाच्या मसणवटीत तिचं केलं. तिच्या घरात आता कुणी राहत नाही. मुलाला वापीत खोली आहे, नागलीत त्याला रस नाही, आणि त्याला काय म्हणून दोष द्यायचा? पट्ट्याचा कागद अजून डब्यात आहे म्हणे.

परवा कुणाच्या तरी गाडीतून त्या रस्त्याने गेले. मोह जिथे होता ती जागा यायच्या आधी मी काच खाली केली. गाडी इतक्या वेगात होती की जागा आली कधी आणि गेली कधी ते नीट कळलंही नाही. गाडीवाला कौतुकाने म्हणाला, "बघा मॅडम काय रस्ता केलाय, एक खडा नाही." मी बघितलं. खरंच नव्हता.