उज्जैनच्या वेळेवर चालणारा लॅपटॉप

आमच्या शेजारचे काका भेटले की आधी तुमचा हात हातात घ्यायचे. नव्या माणसाला वाटायचं, काय प्रेमळ गृहस्थ आहेत. काका ते मनगट स्वतःकडे वळवायचे, तुमच्या घड्याळात बघायचे आणि पत्रिकेत कडक मंगळ सापडल्यासारख्या आवाजात म्हणायचे, "तुझं पुढे आहे."

पुढे असायचंच. तुमचं-माझं घड्याळ सरकारी वेळेवर चालतं, काकांचं उज्जैनच्या वेळेवर चालायचं. एके काळी सगळ्या हिंदुस्थानातले ज्योतिषी उज्जैनपासून वेळ मोजायचे, मग सरकारी वेळ जिथून धरतात त्या मिर्झापूरकडची वेळ आपण हातावर का बांधायची, असा त्यांचा सवाल होता. मिर्झापूरला ते कधी गेलेही नव्हते. नोकरी सगळी रेल्वेच्या बुकिंग खिडकीत गेली, म्हणजे जन्मभर सरकारी घड्याळाचा धाक. निवृत्त झाले त्याच आठवड्यात ते वेधशाळेत गेले, तिथल्या सूर्यघड्याळाची सावली बघितली आणि आपलं घड्याळ अर्ध्या तासाला जरा कमी इतकं मागे करून घरी आले. ते पुन्हा कधी पुढे गेलं नाही.

तुम्ही उज्जैनला आमच्या फ्रीगंजात राहिला असाल तर त्यांच्यासाठी तुम्हीही कधीतरी ताटकळला असाल. पहिली पंगत उठली की काका लग्नाला पोचायचे. कुणी घाई केली की त्यांचं ठरलेलं वाक्य यायचं, "अजून वेळ आहे." एकदा देवास गेटच्या बसस्टँडवर त्यांची इंदूरची बस डोळ्यांदेखत सुटली. पुढच्या बसच्या कंडक्टरला त्यांनी शांतपणे सांगितलं की तुमची आधीची गाडी वेळेआधी गेली, जरा लक्ष ठेवत जा. कंडक्टरने म्हणे माफी मागितली.

काकू त्यांच्या उलट. वेळेच्या पक्क्या आणि वाचनाच्या वेड्या. वाण्याकडची पुडीसुद्धा उलगडून वाचणाऱ्या. त्यांची नजर अधू होत गेली, पानाचा मधला भाग दिसेनासा झाला, आणि डॉक्टरांनी आता यापुढे सुधारणा नाही असं सांगितलं. तेव्हापासून रोज दुपारी काका त्यांना वाचून दाखवायचे. आवाज माझ्या स्वयंपाकघरापर्यंत यायचा. नायिका असो की दरोडेखोर, सगळे बुकिंग खिडकीच्या आवाजात बोलायचे. मधेच "पुढे?" अशी काकूंची हाक यायची आणि मग पान उलटल्याचा आवाज.

अशात काकांच्या हृदयाचं काहीतरी निघालं. इंदूरला ऑपरेशन ठरलं. त्या संध्याकाळी ते माझ्याकडे आले तेव्हा त्यांनी माझं घड्याळ बघितलं नाही, तेव्हाच मला काळजी वाटली. बगलेत एक जुना लॅपटॉप होता. देवास गेटजवळच्या एका दुकानातून आणलेला, झाकणावर कुठल्याशा लग्नाच्या फोटोग्राफरचं स्टिकर. दुकानदाराने "बाऊजी, मशीन एकदम टनाटन है" अशी ग्वाही दिली होती. मशीन चालू व्हायला आमचा एक चहा करून, पिऊन, कप विसळून व्हायचा.

काकांना काय हवं होतं ते त्यांनी सरळ सांगितलं. "मी दवाखान्यात असेन. नंतरचं काय, कुणी सांगावं. हिला वाचून कोण दाखवणार? मशीन मराठी वाचते म्हणतात. ते लावून दे. आणि पोरी, जल्दी कर."

काकांच्या तोंडून 'जल्दी' मी पहिल्यांदा ऐकली. मला गलबलून आलं, पण मी बँकेत कॉम्प्युटरचं काम बघते आणि कॉलनीत माझा तेवढाच रुबाब आहे, तेव्हा मी गंभीर चेहरा करून म्हणाले की यात लिनक्स टाकू. जुन्या मशीनवर पळतं, फुकट आहे, मराठी वाचणारा आवाजही मिळतो. ते कुणा एकाच्या मालकीचं नाही हे ऐकून काका खूश झाले. त्यांच्या मते हे स्वराज्य होतं.

आता स्वराज्य काही सहजासहजी मिळत नसतं. पहिल्या दिवशी मी त्यांच्या घरी पेन ड्राइव्ह लावला, त्याच्यावरून लिनक्स सुरू झालं, काकूंनी आतून चहाला हाक मारली, मी गेले. काका राखणीला बसले. परत येऊन मी इन्स्टॉलेशन चालू केलं. पट्टी सरकत सरकत जवळजवळ टोकाला गेली आणि लाल खूण येऊन सगळं थांबलं. मी पेन ड्राइव्हला नावं ठेवली.

दुसऱ्या दिवशी नवा पेन ड्राइव्ह, नवा चहा, काका राखणीला, आणि तीच लाल खूण. आता दोष डिस्कचा. मी मागचं झाकण उघडलं, आतल्या पट्ट्या खोडरबराने पुसल्या, फुंकर मारली. त्या फोटोग्राफरने उधळलेल्या अक्षता असतील की काय, आतून तांदळाचे दोन दाणे निघाले. काकूंनी ते भक्तिभावाने देवापुढे ठेवले. उपयोग झाला नाही. तिसऱ्या दिवशी मी त्यांच्या इंटरनेटला दोष दिला आणि माझ्या मोबाइलचं जोडलं. तरी लाल खूण. दुकानदाराला फोन केला तर तो म्हणाला, "मैडम, इसमें लिनक्स-विनक्स मत डालो, पुरानी मशीन है, भड़क जाती है."

काका रोज गप्प होत चालले होते. परवा इंदूरला निघायचं होतं. काकू मात्र मला पोहे, शिरा, कचोरी भरवून धीर देत होत्या. मशीन दुरुस्त होईना आणि माझं वजन वाढत होतं.

चौथ्या दिवशी मी आयुष्यात न केलेली गोष्ट केली. लाल खुणेखाली बारीक अक्षरांत काय लिहिलंय ते पूर्ण वाचलं. मशीन इंटरनेटवरून लागणाऱ्या सॉफ्टवेअरच्या सामानाची यादी मागवते, त्या यादीवर ती निघाल्याची वेळ असते. मशीन सांगत होती, ही यादी मी घेऊ शकत नाही, ती लागू व्हायला अजून वेळ आहे. किती, तेही मिनिटांत दिलं होतं. अर्ध्या तासाच्या जरा आत.

मी स्क्रीनच्या कोपऱ्यातलं घड्याळ बघितलं. मग माझ्या हातातलं बघितलं. मग काकांकडे बघितलं. काका चष्मा पुसत होते.

"काका, तुम्ही याच्या घड्याळाला हात लावला?"

"गलत टाइम दाखवत होती," काका म्हणाले. "रोज नव्याने चालू केली की परत गलत. आपोआप बदलायचं एक बटण होतं, ते बंद करून मी रोज बराबर करत होतो. तू आधीच परेशान, म्हणून बोललो नाही."

म्हणजे मी आत चहा पीत होते तेवढ्यात काका लॅपटॉपला उज्जैनचं करून टाकत होते. मग बाहेरून नुकतीच निघालेली यादी आली की लॅपटॉपच्या हिशेबाने ती अजून निघालेलीच नसायची. बिचारी मशीन लग्नघरातल्या काकांसारखी वागत होती. अख्खं जग मांडवात हजर आणि ही म्हणते, अजून वेळ आहे.

मी हसायला लागले ते थांबता थांबेना. काकू आतून आल्या, मी सांगितलं, तर त्या दाराला धरून खालीच बसल्या. पदर तोंडाला लावून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. मग म्हणाल्या, "माणसं सोसून घेतात हो. मशीन कशाला सोसेल?"

काका हसले नाहीत. त्यांच्या लक्षात आलं होतं की चार दिवस आपणच वाया घालवले. ते पुढे सरकले आणि एका बोटाने, जपून, लॅपटॉपचं घड्याळ सरकारी वेळेवर आणून ठेवलं. वेधशाळेच्या सावलीनंतर हा माणूस पहिल्यांदा कुणापुढे झुकत होता. "हिच्यापुढे उज्जैन काय मोठं," असं ते पुटपुटले, काकूंना ऐकू जाणार नाही इतक्या हळू. मला ऐकू गेलं आणि मी उगीचच पेन ड्राइव्ह काढून पुन्हा लावला.

पट्टी टोकाला गेली. लिनक्स बसलं, मराठी आवाजही उतरला, एका बाईचा. त्या बाईने पहिली बातमी वाचली ती सर्दी झालेल्या स्टेशनच्या घोषणेसारखी. काकूंनी माझा हात गच्च धरला. बाईने एक जोडाक्षर धड उच्चारलं नाही, पण काकू बातमी संपेपर्यंत हलल्या नाहीत आणि मग सवयीने म्हणाल्या, "पुढे?"

काकांचा पडलेला चेहरा मला बघवत नव्हता. घरी जाऊन शोधाशोध केली आणि काय सांगू तुम्हाला, लिनक्समध्ये आपल्या गावाची वेळ आपली आपण ठरवता येते. पोटात मशीन जगाबरोबर चालते, दाखवते मात्र आपली वेळ. दुसऱ्या दिवशी मी ते करून दिलं. कोपऱ्यातलं घड्याळ मागे सरकलं आणि यादीबिदी सगळं सुरळीत येत राहिलं. काका किती तरी वेळ बघत राहिले. मग त्यांनी अख्ख्या गल्लीत जाऊन सांगितलं की या देशात एक तरी मशीन समजदार निघाली. इंदूरला निघताना टॅक्सीवाला हॉर्न वाजवत होता आणि काका पायरीवर उभे राहून त्याला सांगत होते, "अजून वेळ आहे."

काका इंदूरला जाण्याआधीच मी काकूंसाठी एक सोय केली होती. एक बटण दाबलं की बाई वेळ सांगते. बोटाला कळावं म्हणून काकूंनी त्या बटणावर आपली टिकली चिकटवली.

ऑपरेशन नीट झालं. काका परत आले आणि त्या बाईवर जळायला लागले. तिला भाव नाही, तिला दम खाता येत नाही, ती स्वल्पविराम गिळते, असं मला रोज येऊन सांगायचे. खरी पंचाईत वेगळीच होती. काकूंनी इंटरनेटवर सापडलेल्या काही जुन्या गोष्टी बाईकडून पुन्हा वाचून घेतल्या, आणि त्यांत माणसं मरत होती. काकांनी वाचल्या तेव्हा एकही मेला नव्हता. पोलिसाची बायको बरी झाली होती, नदीत गेलेला मास्तर पोहत परत आला होता. काकूंनी जाब विचारला तेव्हा काका म्हणाले की छापायला चुकले असतील. काकूंनी त्या गोष्टी बाईकडून परत कधी ऐकल्या नाहीत. दुपारी पुन्हा माझ्या स्वयंपाकघरापर्यंत बुकिंग खिडकीचा आवाज यायला लागला. बाईकडे बातम्या आणि वेळ एवढंच राहिलं.

गेल्या थंडीत काका झोपेतच गेले. गल्ली लोटली होती. दहाला निघायचं ठरलं. दहा वाजले, माणसं उठली, कुणीतरी काकूंजवळ वाकून म्हणालं, चला, वेळ झाली.

काकू लॅपटॉपजवळ बसल्या होत्या. कपाळावर टिकली नव्हती, बटणावरची होती. त्यांनी ती चाचपली आणि दाबली. त्या भरल्या घरात बाई आपल्या सर्दीच्या आवाजात म्हणाली, नऊ वाजून तेहतीस मिनिटे.

"अजून वेळ आहे," काकू म्हणाल्या. "बसा थोडं."

उभी राहिलेली सगळी माणसं परत सतरंजीवर बसली. मीही बसले. माझं घड्याळ पुढे होतं. ते काढून मी पर्समध्ये ठेवलं.