पाणबुड्यांचं मंडळ

आमच्या जाफराबादच्या युवा मंडळात काम एक झालं की किस्से चार व्हायचे. सगळे कॉलेजातले. देश बदलायचा होता, तोही दिवाळीच्या सुट्टीआधी! पण आमच्यात सगळ्यात जास्त वापरला गेलेला शब्द ‘क्रांती’ नव्हता. ‘पाणबुडी’ होता.

*

शब्द आणला सलीमनं. त्याच्या मामूंनी विहिरीत नवी पाणबुडी मोटार सोडली, तेव्हा आम्ही सगळे बघायला गेलो. मोटार पाण्यात गेली, चार बुडबुडे आले, खेळ खल्लास!

“बिलकुल आपला भास्कर!” सलीम ओरडला. “झाडांसाठी खड्डे खणायचं नाव काढलं, अन् असाच गेल्ता!”

भास्कर तिथंच उभा होता. निदान सलीमचं वाक्य सुरू झालं तेव्हा तरी!

*

मग सगळेच ‘पाणबुडी मारायला’ लागले. कुणी सभेतून मारायचा, कुणी प्रभातफेरीतून. शेवटी आमचे इतिहासाचे सर वर्गात म्हणाले, “उद्या लेक्चर नाही. माझी पाणबुडी आहे.”

*

भास्करला बघायला मुलीकडचे पाहुणे आले. पोहे झाले, चहा झाला, मुलगा गायब! त्याची आई शांतपणे म्हणाली, “बसा हो. श्वास घ्यायला येईलच वर!”

*

मंडळात मुलगी एकच, सुनीता. तिच्या गावाला सकाळची एस्टी नव्हती. जीपमध्ये टपापर्यंत माणसं. एक दिवस तिचे वडील म्हणाले, “सोमवारपासून गाडी सुरू झाली न्हाई, तर कॉलेजबी न्हाई.”

आम्ही पेटलोच! एस्टी स्टँडवर डेपोच्या साहेबांच्या ऑफिससमोर सतरंजी टाकली, ठिय्या मांडला. सलीमनं शपथ दिली, “आज जो पाणबुडी मारंल, तो आपला न्हाई!” सगळ्यांनी हात वर केले. भास्करनं तर दोन्ही!

ऊन चढलं. एकजण जागेवर रुमाल टाकून चहाला गेला. त्याचं बघून दुसरा. मी माइक आणायला गेलो होतो. खरंच! परत आलो तर साहेब बाहेर येऊन उभे. समोर सतरंजीभर रुमाल, एक टॉवेल, सलीमची टोपी आणि मधोमध एकटी सुनीता.

साहेब हसले. “ताई, आंदोलन एकटीचंच का? बाकीचे कुठंयत?”

मी मनात म्हटलं, आता गाडी गेली, कॉलेज गेलं!

सुनीता उठलीसुद्धा नाही. “साहेब, एस्टीत खिडकीतून रुमाल टाकला की सीट कोणाची?”

“ज्याचा रुमाल, त्याची.”

“कंडक्टरबी मानतो ना?”

“मानावंच लागतं.”

“मंग हे सगळे बसलेलेच हैत. मोजून घ्या!”

साहेबांनी बोटानं एकेक रुमाल मोजला. मग खिशातून स्वतःचा रुमाल काढला, कपाळ पुसलं, तो नीट उलगडून तिच्या शेजारी टाकला, आणि सकाळच्या गाडीची ऑर्डर काढायला आत गेले.