विज्ञानाचा रकाना

लढाईच्या दिवसांत मी नगरच्या एका इस्पितळात कारकून होते. नर्सिंगच्या वर्गासाठी आलेले अर्ज तपासून यादी करायचं काम माझ्याकडे होतं. मॅट्रिक पास, इंग्रजीत बरे गुण आणि विज्ञान विषय, एवढं बघायचं. जागा दहाच.

निवडलेल्यांना पत्रं गेल्यावर यादी फळ्यावर लागली, खाली नाकारलेल्यांची नावं कारणासह होती. त्याच दुपारी राहात्याहून एक मुलगी वडिलांबरोबर आली. वडील नालबंद होते, घोड्याबैलांना नाल ठोकायचे. मुलीने गुणपत्रिका माझ्या टेबलावर ठेवली.

"बाई, मी विज्ञान घेतलं नव्हतं, असं कुठं लिहिलंय?"

मी पाहिलं. 'शरीरशास्त्र व आरोग्य', शंभरात एकाहत्तर. मुलींच्या शाळांत विज्ञानाऐवजी तोच विषय असायचा आणि इस्पितळाला तो चालायचा. 'विज्ञान' हा शब्द दिसला नाही म्हणून मी रकान्यात शून्य टाकून अर्ज बाजूला केला होता. तिच्या गुणांवर ती पहिल्या पाचांत बसली असती.

"चूक माझी आहे," मी म्हणाले. "थांबा जरा."

मेट्रनबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि यादी माझ्यापुढे सरकवली. "दहाही जणींना कळवून झालंय. दोघी तर ट्रंका घेऊन आल्यात. कुणाला परत पाठवू? नाव तू सांग."

मी यादी वरून खालपर्यंत वाचली आणि तशीच परत ठेवली.

"मग पुढच्या वर्गाला येऊ दे तिला. सहा महिन्यांनी."

बाहेर येऊन मी तसं सांगितलं. वडील म्हणाले, "सहा म्हैने कुठलं बाई? घरात लगनाची बोलनी चालल्यात. आज घेत्याल म्हनून तर आनली हिला."

मी पुन्हा आत गेले. "बाई, खाटेचीच अडचण असेल तर ती माझ्या खोलीत राहील."

"अडचण खाटेची नाही. वर्ग दहांचा आहे." त्यांनी यादी पुन्हा स्वतःकडे ओढली. "डॉक्टरांना तोंडी परीक्षा घेऊ दे. पास झाली तर तीन महिने बघू. नापास झाली, तर वडिलांना सांगायला तूच जायचंस."

अर्धा तास मी बंद दारासमोर उभी होते. वडील पायरीवर बसून पागोट्याचं टोक पिळत होते. आतून डॉक्टरांचा आवाज येत होता, तिचा मात्र येत नव्हता. दार उघडलं तेव्हा तिच्या कपाळावर घाम होता. डॉक्टर म्हणाले, "रक्ताभिसरण हिला चांगलं येतं. घ्या."

ती माझ्या खोलीत राहायला आली. कामापुरतं बोलायची, जास्त नाही. तीन महिन्यांनी तिचं नाव कायम झालं, त्या दिवशी वेणी घालता घालता तिने विचारलं,

"तो अर्ज बाजूला ठेवताना कुणाला विचारावंसं वाटलं नाही तुम्हाला?"

"वाटलं होतं," मी म्हणाले. "पण यादी त्याच दिवशी द्यायची होती."

तिने मान हलवली आणि वेणीला रिबन बांधली.