हातखंब्याचं जाळीचं दुकान

जाळीच्या दुकानात माल खपतो, किस्से मात्र उरतात! हातखंब्याच्या तिठ्याजवळ माझं दुकान आहे. गिऱ्हाईक नसलं की मैत्रिणींबरोबर चहा घेत हेच उगाळत बसायचं.

नवरा मुंबईला नोकरीला. माहेरी राजापूरला वडील कुंपणाची कामं घ्यायचे, त्यामुळे पक्कड माझ्या हातात लहानपणापासून. पण दुकान काढलं तेव्हा सासरे, म्हणजे आमचे नाना, म्हणाले, "विकायची तर वीक. पण लोकांच्या परड्यात तारा ओढत फिरलीस तर वाडीत मान खाली घालावी लागंल मला!" मी फिरलेच. तेव्हापासून नाना माझ्या कामाबद्दल चकार शब्द काढेनात. मला ते फार लागायचं. साऱ्या तालुक्याने वाहवा केली तरी मला हवी होती ती नानांचीच.

*

एक रिटायर्ड मास्तर बागेसाठी जाळी न्यायला आले. मी सोळा नंबरची तार दाखवली.

"हलकी नको. चांगली बावीस नंबर द्या!"

तारेचा नंबर वाढला की तार बारीक होते, हे मास्तरांना कोण सांगणार? मी दोन्हीचे तुकडे त्यांच्या हातात दिले. बावीस चिमटीत वाकली, सोळा ढिम्म हलेना! मास्तर स्टुलावर बसलेच.

"आणि मी जन्मभर पोरांच्या मागे लागलो, मार्क वाढवा म्हणून!"

*

संगमेश्वरचा एक चाकरमानी सुट्टीत आलेला. "मजूर कशाला? मीच बसवतो!" म्हणत गुंडाळी घेऊन गेला. दुपारी त्याचा फोन.

"ताई, जाळी एकदम फर्स्टक्लास बसली! फक्त बाहेर कसं यायचं ते सांगा."

पठ्ठ्या आतून बांधत गेला, दरवाजा ठेवायचाच विसरला! शेवटची गाठ मारताना पक्कड निसटून बाहेर पडली, आणि त्याची आई काही ती उचलून देईना. मी पोचले तर हा कोंबड्यांत उभा.

आई मला म्हणते, "असू दे गो आत. येकदाचा घरी तरी ऱ्हाईल!"

*

सुशीलावहिनींच्या कोंबड्या मुंगूस खालून उकरून न्यायचं. जाळी खोल पुरावी तर वर वीतभर माती आणि खाली सगळा कातळ. पहार मारली की ठिणग्या! गड्यांनी हात टेकले.

मी जाळीचा दीड फूट भाग बाहेरच्या बाजूला जमिनीवर आडवा पसरला आणि वर चिरे ठेवले. मुंगूस उकरतं ते कुंपणाच्या अगदी बुडाशी. मागे सरकून उकरायची अक्कल त्याला नाही.

आठवड्याने वहिनींचा फोन. "बाय गो, मेला तीन दिस आला. चवथ्या दिवशी माझ्याकडं रागानं बघितलान नि गेला!"

त्या दिवशी मी दुकानात एकटीच नाचले.

*

आणि आता नाना. त्यांनी कोंबड्यांना फिरायला नवं आवार केलं, पण सुनेच्या दुकानाची पायरी चढतील तर ते नाना कसले! बंदरावर ओळख काढून मासेमारीचं जुनं जाळं आणलं आणि रुबाबात चारी बाजूंनी बांधलं. दुसऱ्या दिवशी माशाच्या वासाने अख्ख्या वाडीतली मांजरं आवाराभोवती पंगतीसारखी बसलेली! तिसऱ्या दिवशी जाळं फाटलं आणि तुर्रेवाला कोंबडा गेला. सासूबाईंनी नानांशी अबोला धरला.

रविवारी सकाळी मी वेल्डमेशच्या कडक जाळीची गुंडाळी आणि पक्कड घेऊन सरळ अंगणात उतरले. बघायला वाडी जमली. नाना खुर्चीतून उठले. मला वाटलं, आता आत जातील. ते आले आणि जाळीचं दुसरं टोक धरून उभे राहिले.

"ताण द्या नाना, अजून!" मी म्हटलं. त्यांनी दिला.

शेजारचे तात्या हसायला लागले. "काय रे नाना, ह्या वयात ह्यां काय चाललाय?"

नानांनी टोक काही सोडलं नाही.

"दिसत नाय? सुनंच्या हाताखाली हाय मी. गप ऱ्हा, माप चुकंल तिचं!"