हाकेचं व्याकरण

शिवाजी पेठेतल्या आमच्या क्लासच्या बोळात धूळ बसलेल्या गाडीच्या काचेवर बोटानं काढलेलं उलटं झाड दिसलं, की समजायचं, हिरेमठ सर नुकतेच इथून गेलेत. झाड म्हणजे वर एक शब्द, त्याच्याखाली दोन-तीन फांद्या, त्या फांद्यांना आणखी फांद्या आणि सगळ्यात खाली सुटे सुटे शब्द. मूळ वर, पानं खाली. गाडीवाला आधी वैतागायचा आणि मग वाकून वाचत बसायचा. एका टेम्पोवाल्यानं तर सरांना बोळाच्या तोंडालाच गाठलं आणि माझ्या गाडीवर हे काय गिरवून ठेवलंय म्हणून जाब विचारला. सरांनी त्याच्याच टेम्पोच्या पाठीवर रंगवलेलं वाक्य घेतलं, ते तुकड्यातुकड्यानं कसं फोडलंय ते त्याला भर उन्हात समजावून दिलं. नंतर तो पठ्ठ्या बरेच दिवस ती काच धुवायला तयार नव्हता.

सर मूळचे गडहिंग्लजकडचे. घरात कानडी, बाहेर मराठी, आणि फार खूश झाले की दोन्हींची मिसळ. उंच, किडकिडीत माणूस. शर्टाच्या खिशात पेनाऐवजी खडू, त्यामुळं खिसा कायम पांढरा. लग्न केलं नव्हतं. एका शिंप्याच्या दुकानावरच्या माडीवर ते इंजिनिअरिंगच्या मुलांचा क्लास घ्यायचे आणि मागच्या खोलीत राहायचे. क्लासमधल्या प्रत्येक मुलीला ते ‘अक्का’ म्हणायचे, मग ती त्यांच्या नातीच्या वयाची का असेना. फुटबॉलचा मोठा सामना असला की पेठेबरोबर सरही मैदानाकडं पळायचे. क्लासला सुट्टी द्यायचं त्यांच्या लक्षात राहायचं नाही. आम्ही माडीवर जाऊन रिकाम्या फळ्याकडं बघून परत यायचो.

मी त्यांच्याकडं गेले ती नाइलाजानं. कंपायलर नावाच्या विषयात मी दोनदा नापास झाले होते. माणसानं लिहिलेला प्रोग्राम यंत्रानं वाचायचा कसा, त्याची फोड करून अर्थ लावायचा कसा, असा तो विषय. मी त्याची पानंच्या पानं पाठ केली होती आणि त्यातलं एक अक्षर मला कळलेलं नव्हतं. आमचं जोतिबाच्या डोंगरावर नारळ-गुलालाचं दुकान. आबांनी, म्हणजे माझ्या वडलांनी, स्पष्टच सांगून टाकलं होतं की या खेपेला विषय निघाला तर ठीक, नाहीतर कॉलेज बंद करून दुकानात बसायचं. आबा वाईट नव्हते. त्यांना एकट्याला दुकान झेपत नव्हतं आणि माझ्या नापास होण्याचा अर्थ त्यांनी त्यांच्या परीनं लावला होता. पण मला दुकानाच्या त्या फळीवर आयुष्य काढायचं नव्हतं. त्यात गिऱ्हाइकाला हाक मारायची म्हटली की माझ्या अंगावर काटा यायचा. लहानपणापासून मी मागं बसून पुड्या बांधायचे, पण रस्त्याकडं तोंड करून ओरडायचं माझ्याच्यानं कधी झालं नाही.

पहिल्याच दिवशी सरांनी विचारलं, काय येत नाही? मी म्हटलं, काहीच येत नाही.

“असं सांगायचं न्हाई, अक्का. कुठवर आलीस आणि कुठं अडलीस ते सांगायचं. यंत्र मठ्ठ हाय, पण ते सुद्धा कुठल्या शब्दाला अडलं ते सांगतं. तू तर माणूस हाईस की.”

मग त्यांनी घरी काय चालतं ते विचारलं. मी पुटपुटले. ‘जोतिबा’ एवढंच त्यांना ऐकू आलं आणि ते उजळलेच. पुस्तक मिटलं. दुकानदार डोंगरावर हाक कशी देतात ते म्हणून दाखव म्हणाले. भर वर्गात! मी मान हलवली. मग सर स्वतःच उठले आणि गल्लीकडच्या खिडकीत उभे राहून ओरडले, “या पावणं, नारळ घ्या, चपला ठेवा, गुलाल घ्या!” खाली एक पावणा खरोखरच थांबून वर बघायला लागला. वर्ग हसून लोळत होता आणि मला मात्र राग आला, कारण ती हाक साफ चुकीची होती. मी तशीच उठले आणि म्हणाले की असं नसतंय सर, चपला मधी कशा येतील, चपला आधी, त्या काढल्याशिवाय नारळ कोण हातात घेतंय.

“भाळ छलो!” सर म्हणाले. कानडीत त्याचा अर्थ फार छान. “हा तुझा पहिला नियम. लिही फळ्यावर.”

तसं आमचं सुरू झालं. हाक म्हणजे काय? आधी बोलावणं, मग सोय, मग माल. बोलावणं म्हणजे काय? ‘या पावणं’ किंवा ‘या मावशी’ किंवा ‘या दादा’. सोय म्हणजे ‘चपला हितं ठेवा’. माल म्हणजे एक वस्तू, किंवा एक वस्तू आणि तिच्यापुढं पुन्हा माल. वस्तू म्हणजे नारळ, गुलाल, खोबरं, दवणा. प्रत्येक ओळीला सरांचं एकच म्हणणं, “सोल की अजून.” ज्या शब्दाच्या पोटात आणखी काही आहे तो सोलायचा; सोलून सोलून जे उरतं, नारळ, गुलाल, ते पक्के शब्द, तिथं थांबायचं. पुस्तकातली ती इंग्रजी नावं मी दोन वर्षं घोकत होते आणि ती सगळी आमच्या दुकानाच्या फळीवर मांडून ठेवलेली होती. या चार-पाच ओळींतून हव्या तेवढ्या हाका तयार होतात, हे दिसलं तेव्हा मला इतका आनंद झाला की मी शेजारी बसलेल्या मुलीला चिमटा काढला.

मालाच्या पोटात पुन्हा माल कसा, यावर मी भांडले होते. सर म्हणाले, तुझे आबा नारळ घ्या म्हणून गप्प बसतात का? पुढं गुलाल, पुढं दवणा, दम संपेस्तोवर चालूच असतात. नियम तेवढाच, यादी हवी तेवढी लांब. मग त्यांनी मुद्दाम मला तो नियम उलटा लिहायला लावला: माल म्हणजे आधी माल, मग वस्तू. वाचायला सारखंच वाटतं. मी तसा प्रोग्राम चालवला आणि कॉम्प्युटर अडकून बसला. माल म्हणजे काय ते शोधायला तो माल उघडतोय, त्यात पहिला परत मालच, तो उघडतोय, त्यात परत माल, आणि बिचाऱ्याच्या हाताला एक नारळ काही लागत नाही. सर टाळ्या पिटत हसत होते. परीक्षेत मी ज्या प्रश्नाला दोनदा गोता खाल्ला, तो हाच.

चैत्राची यात्रा तोंडावर आली आणि एके दुपारी आबा माडीवर हजर. डोक्याला टॉवेल, हातात रिकामी पिशवी. सरांना नमस्कार केला आणि म्हणाले, “मास्तर, पोरीला न्यायला आलोया. यात्रंला दुकानात माणूस न्हाय. परीक्षंचं पुढचं पुढं बघू.” परीक्षा यात्रेनंतर लगेच होती. आणि आमच्या घरात ‘पुढचं पुढं’ म्हणजे कधीच नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. थोरल्या बहिणीची शिवणाची मशीन, घराचं वरचं छप्पर, सगळं पुढचं पुढंच राहिलं होतं. मी सरांकडं बघितलं. वाटलं, आता हे आबांना शिक्षणाचं महत्त्व वगैरे सांगतील आणि आबा आणखीच बिथरतील.

सरांनी चहा टाकला. आणि म्हणाले, न्या की पोरीला, तुमचीच हाय. फक्त जाण्याआधी एक काम करा. तुमची हाक हिनं यंत्राला शिकवलीय. बरोबर शिकवलीय का तेवढं तपासून जा, कारण ते मला कळत नाही.

आबा कॉम्प्युटरसमोर बसले. मी कळ दाबली की पडद्यावर एक हाक यायची आणि सर ती खिडकीतून, डोंगरावर म्हणतात तशी, मोठ्यांदा ओरडायचे. आबांनी फक्त सांगायचं, बरोबर की चूक. “या मावशी, चपला हितं ठेवा, गुलाल आणि खोबरं घ्या.” बरोबर. “या पावणं, चपला हितं ठेवा, दवणा घ्या.” बरोबर. “या दादा, चपला हितं ठेवा, नारळ आणि नारळ आणि नारळ आणि नारळ घ्या.” आबा खुर्चीतून अर्धे उठले. असं कोण वरडतंय, म्हणाले, गिऱ्हाईक पळून जाईल. सरांना तर तेच हवं होतं. नियमाला ही हाक चालते, पण माणसाला चालत नाही, म्हणजे नियमच अपुरा आहे, असं म्हणून त्यांनी माझ्याकडं बोट केलं. मी नियम बदलला. मग आबांनी आपणहून सांगितलं की नारळ असला तर तो नेहमी पहिला, त्याच्याआधी गुलाल कुणी म्हणत नाही. तोही नियम घातला. मग आबा उलट्या बाजूनं लागले. ते हाक म्हणायचे आणि मी ती टाइप करून यंत्र ओळखतंय का बघायचे. त्यांनी मुद्दाम मध्येच ‘पेढं’ घातले आणि पडद्यावर आलं: ‘पेढं’ या शब्दाला अडलो. आबा मांडीवर थाप मारून हसले. आपल्या दुकानात पेढं न्हाईतच की, म्हणाले, बरोबर वळिखलं गड्यानं.

चहा कधीच गार झाला होता. बोळात खाली सात-आठ माणसं जमून वर बघत होती. आबांनी पडद्यावरून नजर काढली आणि विचारलं, हे समदं हिनं केलं? सर म्हणाले, हिनंच, मी नुसता वरडलो. मला त्यांचा चेहरा वाचता येत होता. त्यांना मला न्यायचं नव्हतं आणि नेल्याशिवाय भागत नव्हतं.

“पण मास्तर, दुकानात बसायचं कोण?”

“मी बसतो की. हाक तर मला पाठ हाय.”

आबांना वाटलं चेष्टा आहे. चेष्टा नव्हती. यात्रेला हिरेमठ सर खरोखर डोंगरावर गेले आणि मी शिवाजी पेठेतल्या माडीवर त्यांच्या फळ्यासमोर बसून अभ्यास केला. ते परत आले तेव्हा शर्ट, केस, भुवया, कान, सगळं गुलाबी. खिशातला खडूही गुलाबी. आवाज तर पूर्ण गेलेला, पण आल्या आल्या खुणेनं विचारलं, झालं का सोलून? आबांनी फोनवर सांगितलं की मास्तरांनी एका म्हातारीला चपला आधी का ठेवायच्या ते फरशीवर गुलालानं झाड काढून समजावलं, ती म्हातारी गावातल्या बाया घेऊन परत आली, माल बेताचाच खपला पण गर्दी आमच्याच दुकानापुढं.

मी पास झाले. चांगल्या मार्कांनी वगैरे नाही, पण पास. आता कागलच्या एमआयडीसीत एका कारखान्यात काम करते. यंत्रांना धातू कापायच्या सूचना लिहून पाठवतात, त्या वाचून तपासणारा प्रोग्राम मी लिहिलाय. चुकीची ओळ आली की तो यंत्र सुरू व्हायच्या आधी थांबतो आणि नेमका कुठल्या शब्दाला अडला ते सांगतो. मला माझं काम मनापासून आवडतं. सर मात्र त्यानंतर दरवर्षी यात्रेला डोंगरावर जाऊ लागले. कुणी बोलावलं म्हणून नाही. त्यांना तिथं मजा यायची. दरवर्षी येणारी माणसं त्यांना ओळखायला लागली. आबा आणि ते संध्याकाळी फळीवर बसून नव्या हाकांवर वाद घालायचे, आणि आबा जिंकले की सर ‘भाळ छलो’ म्हणून कबूल करायचे.

गेल्या पावसाळ्यात सर गेले. गावी, बहिणीच्या घरी, झोपेत. मी खूप रडले, आणि रडता रडता त्यांचा गुलाबी खडू आठवून हसूही आलं.

यंदा यात्रेला मी कामावरून रजा काढली आणि आपणहून दुकानात जाऊन बसले. आबा सकाळपासून हाकही देत नव्हते. गर्दी समोरून निघून चालली होती. तेवढ्यात गुलालानं माखलेल्या एक बाई, दरवर्षी येणाऱ्या, दुकानाशी थांबल्या आणि यंदा ते वरडणारं मास्तर कुठं हायत म्हणून विचारलं. आबा वळून नारळ सारखे करायला लागले.

मी उठले. फळीवरून खाली उतरले, रस्त्याकडं तोंड केलं आणि आयुष्यात पहिल्यांदा हाक दिली. आवाज फाटला, पण मी थांबले नाही. “या मावशी, चपला हितं ठेवा, नारळ घ्या, गुलाल घ्या, खोबरं घ्या, दवणा घ्या,” दम संपेस्तोवर. माणसं वळली. त्या बाई चपला काढत माझ्याकडं बघून हसल्या आणि आबांना म्हणाल्या, “मास्तरांची पोरगी व्हय ही?”

आबांनी डोळे पुसले.

“व्हय,” ते म्हणाले. “त्यांचीच.”