गोल कॉलरचा शर्ट

आमच्याकडे नवं कापड फक्त ताईसाठी यायचं. तिचा शाळेचा ब्लाउज तोकडा झाला की तोच माझा शर्ट. परवा न्यूयॉर्कच्या एका म्युझियममध्ये जुन्या काळच्या डच मुलाचा तसाच गोल कॉलरचा ब्लाउज दिसला. लेक हसली, "बाबा, हा तर गर्ल्स टॉप आहे!"

मी थेट पाचवीत पोचलो. वर्गातली पोरं ओरडली होती, "काय गं, वेणी घरी विसरलीस?" मी तडक घर गाठलं. "आई, मी शाळा सोडतो."

आई कपडे धूत होती. "सोड की. हॉटेलात कपबशा विसळायला बनियन पुरतो."

तेव्हा तिचा राग आला. आज आठवतात ते तिचे साबणाने भरलेले, एकच कापड पुन्हा पुन्हा घासणारे हात. मी तसाच शाळेत परतलो. आमच्या घराण्यातला पहिला ग्रॅज्युएट मी झालो.