कटले नाहीत, रुकलेत

आमच्या व्याह्यांना भोपाळात एक रुपयासुद्धा खर्च करू द्यायचा नाही, असं मी मुलीच्या साखरपुड्याच्या महिनाभर आधीच जाहीर केलं होतं. जाहीर म्हणजे पिपलानीतल्या आमच्या क्वार्टरच्या गॅलरीत उभं राहून. त्यामुळे पुढच्या तीन रांगांना आणि स्टॉपवर बसची वाट पाहणाऱ्या माणसांनाही ते कळलं.

बायको म्हणाली, "टाउनशिपचं गेस्ट हाउस स्वच्छ आहे, हॉलला लागून आहे. तिथेच उतरवा ना सगळ्यांना."

"अगं, नागपूरहून माणसं तळं बघायला येतायत. गेस्ट हाउसच्या खिडकीतून काय दिसणार? कारखान्याची भिंत!"

"त्या भिंतीच्या आत बत्तीस वर्षं काढलीत तुम्ही. दोन दिवस त्यांनी बाहेरून पाहिली तर काय बिघडेल?"

या बाईशी वाद घालण्यात अर्थ नाही, कारण ती जिंकते. मी गुपचूप तळ्याकाठच्या एका बड्या हॉटेलात सहा खोल्या बुक करून टाकल्या.

त्या हॉटेलची लॉबी काय सांगू! दारातून काउंटरपर्यंत चालत जायचं म्हणजे मध्ये कुठे पाणी प्यायची सोय आहे का, ते मी आधी पाहून घेतलं. छताला टांगलेलं झुंबर खाली उतरवलं असतं तर आमच्या पिपलानीला वर्षभर वीज पुरली असती. शनिवारी दुपारी वऱ्हाड येऊन दाखल झालं. मी गाडीतून चाळीस बॅगा एकट्याने उतरवल्या. (बायको म्हणते नऊ, आणि त्याही ड्रायव्हरने.) घाम पुसत आत येतो तर काय, व्याही काउंटरवर! आपलं कार्ड मशीनमध्ये घालून मोकळेही झालेले!

व्याही नागपूरच्या एका सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले. माणूस लाखात एक, पण आवाज माझ्याहून अर्धी पट्टी वर. मी लांबूनच ओरडलो, "अहो, हे काय करताय? मुलीकडचे आम्ही की तुम्ही?"

"काय जी, एवढंसं तर आहे! राहू द्या ना!"

"एवढंसं असेल नाहीतर तेवढंसं असेल. भोपाळात तुमचा हात खिशात गेला तर मी कुणाला तोंड दाखवू?"

"आमच्या नागपुरात या, तवा मी तुमचा हात खिशाबाहेर येऊ देणार नाही. पण आज राहू द्या."

असं बराच वेळ चाललं. त्यांनी माझं मनगट धरलं, मी त्यांचं. लोकांना वाटलं, मारामारी आहे. एक परदेशी पाहुणा फोटोसुद्धा काढून गेला. शेवटी काउंटरवरची मुलगी हात जोडून म्हणाली, "अंकलजी, इनका होल्ड कैंसल कर देती हूँ, आप अपना कार्ड दे दीजिए।" मी विजयी वीरासारखं कार्ड काढलं आणि पिन असा दाबला की तोफच डागतोय.

"बेटा, कितना कटा?"

"कटा नहीं अंकलजी, बस रुका है। रूम के पीछे बीस हज़ार। चेकआउट पे छूट जाएगा।"

मी आयुष्यभर यंत्रं जोडली. माझा हिशेब सरळ: कटले नाहीत म्हणजे आहेत, आणि आहेत म्हणजे खर्च करता येतात. सहा खोल्या, खोलीमागे वीस हजार, म्हणजे एक लाख वीस हजार. कटलेच नाहीत, तर मोजायचे कशाला? खात्यात एक लाख चाळीस होते. साखरपुड्यासाठी म्हणून इकडचे-तिकडचे सगळे पैसे त्याच एका खात्यात गोळा करून ठेवायची हुशारीही माझीच.

रविवारी सकाळी अकरा वाजता जवाहर चौकातल्या सराफाकडून जावयाची अंगठी उचलायची होती. पासष्ट हजार देणं बाकी होतं. मुहूर्त साडेबाराचा, हॉल पिपलानीत, म्हणजे शहराच्या दुसऱ्या टोकाला. मी स्कूटरवर असा उडत गेलो की वाटेतले तीन सिग्नल मला बघून आपणहून हिरवे झाले.

सराफाने डबी उघडून समोर ठेवली. मी कार्ड दिलं. मशीन विचारात पडलं आणि नको म्हणालं. फोनवरून पाठवायला गेलो, फोनही नको म्हणाला. मग शिल्लक पाहिली. वीस हजार! मी बोट ठेवून ठेवून शून्यं तीनदा मोजली.

"भाईसाहब, तबीयत ठीक है?" सराफाने पाण्याचा ग्लास पुढे केला.

"बिलकुल ठीक। डिब्बी बंद मत करना, मैं अभी आया," असं म्हणून मी बाहेर पडलो आणि हॉटेलला फोन लावला. तीच मुलगी. "अंकलजी, पैसा तो आपके ही खाते में है।" मी म्हटलं, बेटा, माझ्याच खात्यात आहे तर मला का मिळत नाही? त्यावर ती फार गोड हसली. बँकेला फोन केला, तर तिथे रविवारचं संगीत वाजत होतं. ते मी बारा मिनिटं ऐकलं. अजूनही आंघोळ करताना चाल ओठांवर येते.

बायकोला सांगायचं? त्यापेक्षा मी तळ्यात उडी मारली असती, पण पोहता येतं मला. पाहुण्यांपैकी कुणाकडे मागायचं? मुलीचा बाप साखरपुड्याच्या दिवशी वऱ्हाडाकडे हात पसरतोय! नको, नको. आणि अंगठीवाचून मुलगी पाटावर बसणार, तीनशे माणसं बघणार, (दीडशे, असं बायको म्हणते) आणि जावई रिकामं बोट पुढे करणार. ते बोट माझ्या डोळ्यांसमोरून हलेना. पोरीने अंगठीचा नमुना स्वतः निवडला होता, चारदा बदलून.

एवढ्यात शेजारच्या मिठाईवाल्याच्या दुकानातून ओळखीचा आवाज आला. ओळखीचा, पण दोन पट्ट्या खाली उतरलेला.

"भाऊ, अजून एक डाव लावून पाहा ना मशीन."

व्याही! समोर पाच किलो पेढे आणि साखरेचे पुडे बांधून तयार. मला पाहून त्यांनी फोन असा लपवला की जणू चोरीचाच आहे.

"तुम्ही इथं कसे?" मी विचारलं.

"पेढे घ्यायला आलो. तुमच्या भोपाळची मशीनं भारी नाटकं करून राहिली जी. तुम्ही?"

"मी सहज. हवा खायला."

"जवाहर चौकात?"

त्यांची नजर माझ्या हातातल्या कार्डावर गेली. मग ते हळूच म्हणाले, "एक विचारू? तुमचेबी रुकले काय?"

मी मान डोलावली. त्यांनी मला सांगितलं की काउंटरवरच्या मुलीने त्यांच्या पैशांवरचा होल्ड कालच रद्द केला, पण बँक तो आठ दिवस सोडणार नाही. खात्यात अडीचशे रुपये उरले आहेत, त्यात पाव किलो पेढे येतील, आणि सौभाग्यवतींना यातलं काहीच ठाऊक नाही. थोडक्यात, त्याच सहा खोल्यांसाठी दोन बापांचे दोन लाख चाळीस हजार रुकले होते. काल एकमेकांची मनगटं धरणारे आम्ही, त्या दुकानासमोर चपला सांभाळत उभे होतो आणि कुणीच कुणाला "मी देतो" म्हणत नव्हतं.

"लावा फोन वहिनींना," व्याही म्हणाले.

"तुमच्या लावा की!"

"माझी चिडली तर नागपूरपर्यंत ऐकू येतं. तुमची तर शांत दिसते."

"तेच तर भय आहे हो!"

अकरा वाजून वीस मिनिटं झाली होती. मी फोन लावला. सगळं सांगितलं. पलीकडून "थांबा तिथेच" एवढंच आलं. मी थांबलो. आणखी करणार काय? मीसुद्धा रुकलेलाच होतो.

अर्ध्या तासात रिक्षा आली. तिच्यातून बायको उतरली, भरजरी साडीत, एका बाजूचा गजरा माळलेला आणि एका बाजूचा हातात. मागून विहीणबाई, त्या आधीच हॉलवर पोचल्या होत्या. दोघी एकमेकींचा हात धरून! बायकोने पर्समधून रुमालात बांधलेली नोटांची गड्डी काढली. टाउनशिपच्या महिला मंडळाची भिशी, याच महिन्यात तिला लागलेली. त्यातून ती बहिणीबरोबर दक्षिणेत फिरायला जाणार होती, दोन वर्षांपासून ठरवत होती. तिने पासष्ट हजार सराफासमोर ठेवले, अंगठी उजेडात धरून पाहिली, "पोरीची निवड चांगली आहे," एवढं म्हणाली आणि डबी आपल्याच पर्समध्ये टाकली. पेढ्यांचे पैसे विहीणबाईंनी दिले. आम्हा दोघांकडे कुणी पाहिलंसुद्धा नाही.

पेढ्यांची खोकी उचलायचं काम मात्र आम्हाला मिळालं.

साडेबाराला अंगठी जावयाच्या बोटात गेली. पोरगी हसली, आणि मी अक्षता टाकताना इतका रडलो की पहिल्या दोन रांगांना खुर्च्या मागे घ्याव्या लागल्या. यावर बायकोनेही आकडा दुरुस्त केला नाही.

सोमवारी चेकआउटच्या वेळी आम्ही दोघे व्याही त्या लॉबीतल्या लांबच्या सोफ्यावर अगदी शहाण्यासारखे बसलो होतो. काउंटरवर दोघी विहिणींनी बिल निम्मं निम्मं करून तीन मिनिटांत निकालात काढलं. कुणी कुणाचं मनगट धरलं नाही. परत येताना माझी बायको काउंटरवरच्या मुलीकडून पैसे कटणं आणि रुकणं यातला फरकही नीट समजून घेऊन आली.

दहाव्या दिवशी फोन वाजला. एक लाख वीस हजार मोकळे! मी गॅलरीतच नाचलो. त्यातून आधी तिची भिशी परत केली, दक्षिणेची तिकिटंही काढली, आणि मग मोठ्या ऐटीत म्हणालो, "आता माझं कार्ड दे बघू. सोमवारपासून तुझ्याच पर्समध्ये आहे."

ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "घेतलं नाहीये हो मी. फक्त रोखून ठेवलंय. लग्न झालं की सुटेल."